बटण टायर आणि मागची सीट

आमच्या भागात मुलाला मोटारसायकल घेऊन देण्याचा एक ठरलेला क्रम आहे. आधी वर्षभर हट्ट, मग वडिलांचा नकार, मग आईची मध्यस्थी, मग कर्ज. गाडी दारात आली की हार, नारळ, पेढे, हँडलला लिंबू-मिरची. आणि त्यानंतर आठवड्याभरात दोन गोष्टी हमखास घडतात. मागच्या चाकाजवळचं साडीगार्ड निघतं आणि कंपनीने दिलेले चांगले नवेकोरे टायर निघून त्यांच्या जागी जाड गोट्यांचे ‘बटण टायर’ येतात. दोन्ही गोष्टींना कारण एकच, लूक!

गेल्या काही वर्षांत तर उंच, डोंगरात चालणाऱ्या गाड्यांची फारच हवा झाली आहे. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स आली. पुढचं चाक सायकलीसारखं मोठं, मडगार्ड चोचीसारखं वर उचललेलं, सीट घोड्यासारखी उंच. तालुक्याच्या गावात पूर्वी अशा गाड्या फक्त फोटोत दिसायच्या, आता बाजार समितीच्या दारात उभ्या असतात. गाड्या चांगल्याच आहेत. आपल्याकडच्या रस्त्यांना त्या शोभतातही, किंबहुना आपले रस्ते पाहूनच त्या बनवल्या असाव्यात असं वाटतं! पण या गाड्यांना कोणते टायर घालायचे, हा निर्णय मात्र घरात कुणाला न विचारता, चार मित्रांच्या सल्ल्याने आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून होतो. त्याला माझा आक्षेप आहे.

तुम्ही म्हणाल, टायर हा काय बायकांचा विषय झाला? का नाही? गाडीचे हप्ते बचत गटाच्या कर्जातून जात असतील तर तो बाईचा विषय आहे. त्या गाडीवर मागे बसून दवाखान्यात, बँकेत, माहेरी, लग्नाला जाणारी बाईच आहे. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये जे काही असतं ते म्हणजे दोन टायर, आणि त्यातलाही तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. पुढच्या चाकाचा एक तळहात, मागच्या चाकाचा एक. आपलं सगळं कुटुंब त्या दोन तळहातांवर बसलेलं असतं. आपण पावाच्या पुडक्यावरची तारीख बघतो, तेलाच्या पिशवीवर किती ग्रॅम लिहिलंय ते वाचतो, पण टायरच्या अंगावर एवढं सगळं छापलेलं असतं ते कधी वाचत नाही.

आधी या बटण टायरचंच बघू. टायरवरची नक्षी ही शोभेसाठी नसते. रस्त्यावर पाणी असेल तर ते बाजूला सारायला खाचा असतात, आणि माती-चिखल असेल तर त्यात रुतून पकड घ्यायला उंच गोटे असतात. गोटे जितके उंच आणि एकमेकांपासून लांब, तितका तो टायर चिखलात चांगला, कारण चाक फिरताना मधल्या फटींतला चिखल झटकला जातो. पण हाच टायर डांबरी रस्त्यावर आला की गंमत उलटी होते. आता फक्त गोट्यांचे माथे रस्त्याला टेकतात, मधल्या फटी अधांतरी. म्हणजे आधीच तळहाताएवढी जागा, तीही निम्मी वाया. शिवाय वळणावर गाडी कलली की उंच रबरी गोटे वाकतात, गाडी लचकल्यासारखी वाटते. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. ओला डांबरी रस्ता, ओलं सिमेंट काँक्रीट, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, इथे तर फारच सांभाळावं लागतं. टायर भराभर झिजतो, आवाज करतो, पेट्रोल जास्त पितो.

हे जाणकारांना माहीत आहे, म्हणूनच या गाड्यांच्या टायरची एक सोपी वाटणी असते. सत्तर-तीस म्हणजे सत्तर टक्के पक्का रस्ता आणि तीस टक्के कच्चा, पन्नास-पन्नास म्हणजे निम्मा-निम्मा, आणि काही नव्वद-दहाचे. ही वाटणी कुठल्या सरकारी मोजमापाची नाही, बोलण्याच्या सोयीची आहे. पण प्रश्न विचारायला ती फार उपयोगी पडते. पोराला एवढंच विचारायचं, तुझी गाडी महिन्यातून किती दिवस डांबरावर चालते आणि किती दिवस चिखलात? प्रामाणिक उत्तर बहुतेक घरांत नव्वद-दहाच्या आसपास निघेल. कॉलेज, चौक, नातेवाईक, फार तर पंधरा दिवसांतून एकदा शेत. मग पन्नास-पन्नासचा टायर कशासाठी? कंपनी या गाड्यांना जो मध्यम गोट्यांचा टायर देते, तो याच विचाराने दिलेला असतो.

‘पण मला लडाखला जायचंय’ हे उत्तर ठरलेलं आहे. जाऊ दे की! जरूर जावं. पण थोडा हिशेब करू. पुण्याहून मनालीमार्गे लेहला जायचं तर साधारण अडीच हजार किलोमीटर अंतर आहे. त्यातला मनालीपर्यंतचा सगळा रस्ता पक्का. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगची चिखलाची चढणही टळते. पुढे मनाली-लेह रस्त्याचाही बराचसा भाग डांबरी आहे, मध्ये मध्ये बर्फ वितळून वाहणारे नाले आणि उखडलेले पट्टे लागतात. म्हणजे लडाखलासुद्धा टायरची खरी परीक्षा डांबरावरच जास्त होते. आणि चाकोरीबाहेर चांगथांगच्या वाळूत, दगडधोंड्यांत घुसायचं असेल, तर तेवढ्यापुरते बटण टायर घालावेत, आल्यावर काढून ठेवावेत. आपण नाही का लग्नाची पैठणी लग्नापुरतीच नेसत? ती नेसून कुणी भांडी घासत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. बटण टायर सगळीकडेच वाईट, असं मी म्हणत नाही. मी कामानिमित्त ज्या वस्त्यांवर जाते तिथे जून ते सप्टेंबर साध्या गाडीचं काही खरं नसतं. मुरमाच्या चढावर, खडी टाकून सोडून दिलेल्या रस्त्यावर, ओढ्याच्या पात्रात गुळगुळीत टायर जागच्या जागी फिरतो. दुर्गम भागातली आरोग्यसेविका असेल, वनरक्षक असेल, डोंगरावरच्या शाळेचे गुरुजी असतील, त्यांच्या गाडीला पावसाळाभर गोट्यांचा टायर असणं ही चैन नाही, गरज आहे. २०१७ मध्ये मुंबईत बाइक ॲम्ब्युलन्स सुरू झाल्या आणि पुढे मेळघाट, पालघरसारख्या भागांतही त्या गेल्या, तेव्हा मला पहिल्यांदा हाच विचार सुचला होता की मुंबईची गाडी आणि मेळघाटची गाडी, दोघींच्या पायात एकच चप्पल कशी चालेल?

आणि मातीमातीतही फरक आहे बरं का. कोकणातल्या लाल मातीत आणि जांभ्यावर गोट्यांचा टायर पकडतो. पण मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीचं प्रकरण वेगळंच. ती ओली झाली की पिठाच्या लगद्यासारखी टायरला गुंडाळते. गोट्यांमधल्या फटी बुजून जातात, चाक मातीचा गोळा होऊन मडगार्डला अडकतं, आणि मग कितीही महागडे टायर असले तरी गाडी ढकलत न्यावी लागते. काडीने माती उकरत बसलेली माणसं आपण बांधावर पाहिलेली आहेत. तिथे टायरपेक्षा मडगार्ड आणि चाक यांच्यातली जागा महत्त्वाची. या उंच गाड्यांचं पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर असतं ते त्यासाठीच, दिसण्यासाठी नाही. ज्यांच्या गाडीचं मडगार्ड चाकाला लागून आहे, त्यांनी बटण टायर घालून काळ्या रानात जाऊ नये. गाडी बांधावर लावावी आणि चालत जावं. आपल्या आज्या हेच करायच्या, त्यांना कुणी व्हिडिओ दाखवला नव्हता.

आता मागच्या सीटकडे येते, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे.

आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीच्या मुलाने नव्या गाडीला असेच टायर घातले. गटातून तिनेच कर्ज घेतलं होतं, त्यातले उरलेले पाच-सहा हजार टायरवर गेले. जूनचा पहिला पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर ती धूळ-तेलाची चिकट साय आलेली. पहिल्या पावसात असं होतंच, वर्षभराचं सांडलेलं तेल आणि धूळ एकदम वर येते. गाडीचा वेगही फार नव्हता. पुढे म्हैस आडवी आली, त्याने ब्रेक दाबला, चाक सरकलं. तो पडला तो गाडीबरोबर, हँडल धरून, त्याला खरचटण्यापलीकडे काही नाही. ही मात्र एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हातात पिशवी. मनगट मोडलं, प्लेट घालावी लागली. अजून तिला भाकरी थापता येत नाही. मुलगा म्हणतो, म्हैस आडवी आली. खरं आहे, म्हैस आलीच. पण म्हशी आपल्याकडे रोजच येतात. त्या गृहीत धरूनच टायर निवडायचा असतो.

इथे कुणी म्हणेल की हल्ली गाड्यांना एबीएस असतं, चाक लॉक होत नाही. बरोबर आहे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाक्यांना आपल्याकडे एबीएस सक्तीचं झालं, एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना. पण काही गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. आणि दुसरं म्हणजे, एबीएस हे टायरची असलेली पकड नीट वापरतं, नसलेली पकड कुठून आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

मागे बसणाऱ्या बाईची गोष्ट चालवणाऱ्यापेक्षा पूर्ण वेगळी असते. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो, तो अंग सावरतो. तिला दिसते फक्त त्याची पाठ. एका बाजूला बसल्यामुळे तिचं वजन एकीकडे, मांडीवर मूल, हातात पिशवी, पदर सांभाळायचा. गाडी किंचित सरकली तरी त्याला ती ‘थोडी लचकली’ वाटते, हिला तोच झटका खाली आपटवतो. म्हणून मी म्हणते की टायर चालवणाऱ्याच्या हौशीने नव्हे, मागे बसणाऱ्याच्या सोयीने निवडावा.

आणि साडीगार्ड! ते काढून टाकतात याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियमच आहे की मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. म्हणजे ते साडीगार्ड कुणी बायकांवर उपकार म्हणून लावलेलं नाही, कायद्याने लावलेलं आहे. ते काढायचं आणि त्याच चाकाला रुंद, गोटेदार टायर घालायचा, म्हणजे पदर, ओढणी, मुलीचा स्कार्फ ओढून घ्यायला चाकाला दातच दिल्यासारखं आहे. पोरं म्हणतात, ‘आई, ते म्हातारं दिसतं.’ दिसू दे! ज्या दिवशी गाडीवर मागे कुणीच बसणार नाही त्या दिवशी काढ म्हणावं.

रुंद टायरचंही एक खूळ आहे. कंपनीचा मागचा टायर १२० चा, तर हा १४० चा घालणार. १२० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. आता हा आकडा कसा वाचायचा ते एकदा समजून घेऊ, फार सोपं आहे. एक्सपल्सच्या पुढच्या टायरवर ९०/९०-२१ असं लिहिलेलं असतं. पहिले ९० म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर. दुसरे ९० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के. आणि २१ म्हणजे आतल्या रिंगचा व्यास २१ इंच. मागे १२०/८०-१८. प्रत्येक रिंगला ठरावीक रुंदीचेच टायर बसतात. अरुंद रिंगवर रुंद टायर चढवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो, मधून फुगतो, आणि जमिनीला टेकायची जागा वाढायच्या ऐवजी तिचा आकारच बिघडतो. चेनला घासायची भीती वेगळी. म्हणजे पैसे जास्त, पकड कमी.

हे पुढचं २१ इंची चाक मात्र खरंच कामाचं. आपल्या स्कूटरच्या १० किंवा १२ इंची चाकाला जो खड्डा विहिरीसारखा वाटतो, तो मोठं चाक सहज ओलांडून जातं, कारण मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं. खराब रस्त्याची गाडी हवी असेल तर टायरच्या नक्षीपेक्षा चाकाचा आकार जास्त महत्त्वाचा, हे दुकानदार सांगत नाही, कारण चाक बदलून विकता येत नाही, टायर विकता येतो.

मापाच्या पुढे एक छोटा आकडा आणि एक अक्षर असतं. ५४ एस, ६२ पी असं काहीतरी. तो आकडा किलोचा नसतो, कोष्टकातला क्रमांक असतो. ५४ म्हणजे तो टायर २१२ किलो वजन पेलतो, ६२ म्हणजे २६५ किलो. अक्षर वेगाचं, जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर, पी म्हणजे १५०, एस म्हणजे १८०. आपल्याला दीडशेच्या वेगाशी काही घेणंदेणं नाही, पण वजनाचा आकडा बायकांनी जरूर बघावा. कारण गाडीवर नवरा, आपण, एक मूल, गव्हाचं पोतं आणि वर दिवाळीची खरेदी, हे चित्र काही मी कल्पनेने रंगवत नाहीये. नवा टायर घेताना वजनाचा आकडा जुन्यापेक्षा कमी चालणार नाही, एवढं दुकानात ठणकावून सांगावं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारीख. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुमाराला बनला. रबर पडून पडून कडक होतं, पकड कमी होते, बारीक चिरा पडतात. न वापरता ठेवलेला टायरही म्हातारा होतो. छोट्या गावांत मोठ्या मापाचे टायर कमी खपतात, त्यामुळे ते दुकानात वर्षानुवर्षं टांगलेले असतात आणि मग ‘तुमच्यासाठी खास भावात’ देतात. असा खास भाव मिळाला की आधी ते चार आकडे शोधायचे. शिवाय आयएसआयचा शिक्का आहे का ते बघायचं. जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले रिमोल्ड टायर मोटारसायकलला, तेही पुढच्या चाकाला, मी तरी कुणाला घालू देणार नाही.

टायर कधी बदलायचा हेही टायरच सांगतो. खाचांच्या तळाशी एक बारीकसा उंचवटा असतो, नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. नियमाने दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. एक मिलिमीटरसुद्धा नाही, म्हणजे ही अगदी शेवटची पायरी झाली. आमच्याकडे टायर पार गोटा होईपर्यंत, आतले धागे दिसेपर्यंत वापरतात. गंमत बघा, एकाच गल्लीत एकाने हौसेपायी नवे टायर काढून टाकलेले असतात आणि दुसऱ्याने नाइलाजाने गोटा झालेले चालवलेले असतात. पहिल्याचे काढलेले टायर माप जुळत असेल तर दुसऱ्याने घ्यावेत, हा व्यवहार आमच्या मंडळातल्या एका आजींना सुचला आणि दोनदा जुळवूनही आणला!

ट्यूबचा विषय थोडक्यात. तारांची चाकं दणका बसला तर वाकतात पण फुटत नाहीत, म्हणून या गाड्यांना बहुधा तीच असतात. पण साध्या तारांच्या चाकाला ट्यूब लागते, आणि ट्यूब पंक्चर झाली की हवा भस्सकन जाते. ट्यूबलेसची हवा बहुधा हळूहळू जाते, गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो. आता काही गाड्यांना तारा असूनही ट्यूबलेस चाकं मिळतात, ती महाग आहेत, पण जिथे मैलोन् मैल पंक्चरवाला नाही तिथे मुलगी एकटी गाडी चालवत जाणार असेल, तर मी लूकच्या सगळ्या वस्तू रद्द करून तेवढ्यावर पैसे घालीन.

मुलगी म्हणाले ते मुद्दाम. या गाड्यांची जाहिरात बघा, त्यात दाढीवाला तरुण, डोंगर आणि धूळ. बाई दिसलीच तर मागे, केस उडवत. पण बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे या मुलीने २०१९ मध्ये बाहा शर्यतींच्या वर्ल्ड कपमध्ये महिला गटाचं विजेतेपद मिळवलं. वाळवंटातली, दगडधोंड्यांतली लांब पल्ल्याची ही शर्यत. मोटर स्पोर्ट्समध्ये जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय, बाई म्हणून पहिली नव्हे, भारतीय म्हणून पहिली! आणि आपल्याकडे रोज खडकाळ वाटांवरून वीस-वीस किलोमीटर जाणाऱ्या शिक्षिका आणि आरोग्यसेविका लहान चाकाच्या स्कूटरवर आदळत असतात, कारण उंच गाडीची सीट ८२५ मिलिमीटरवर, म्हणजे सव्वाआठशे. पाच फूट उंचीच्या बाईचे पायच जमिनीला टेकत नाहीत. जिला मोठ्या चाकाची खरी गरज तिला ती गाडी झेपत नाही, आणि ज्याला झेपते तो चौकात उभी करून सेल्फी काढतो. कंपन्यांनी एक कमी उंचीची, हलकी, मोठ्या चाकाची आणि साडीगार्ड न काढता येईल अशी गाडी काढावी. खपेल, मी सांगते.

शेवटी हवेचं बोलते, कारण कितीही चांगला टायर निवडला तरी हवा चुकली की सगळं पाण्यात. गाडीच्या पुस्तकात पुढच्या-मागच्या चाकाच्या हवेचे आकडे असतात, आणि एकट्यासाठी वेगळा, मागे कुणी बसणार असेल तर वेगळा. बहुतेक पोरं एकट्याचाच आकडा भरतात आणि त्यावर आईला बसवतात. वाळूत, चिखलात मुद्दाम हवा कमी करायची पद्धत आहे, टायर पसरून जास्त जागा धरतो. पण पुन्हा डांबरावर आल्यावर ती भरायची असते. न भरता तसंच पळवलं की टायर तापतो, आणि खड्ड्यात रिंग ट्यूबला चावते. टायर गार असताना, म्हणजे सकाळी निघतानाच हवा बघावी. नव्या टायरचे पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून चालवावं, वरचा तुळतुळीतपणा जाईपर्यंत तो घसरतो. तेवढे दिवस मागे कुणी बसू नये.

आणि पेट्रोल पंपावर हवा फुकट भरून मिळणं हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नाही. आमच्या तालुक्यातल्या एका पंपावर हवेच्या यंत्रावर कायम पोतं टाकलेलं असे, ‘बंद आहे’ हे उत्तर ठरलेलं. मागच्या पावसाळ्याआधी आम्ही सात-आठ जणी गेलो आणि भांडण न करता तक्रारवही मागितली. ती प्रत्येक पंपावर ठेवावीच लागते. आधी वही सापडेना, मग मालक आले, मग चहा आला. आम्ही चहा घेतला आणि तक्रारही लिहिली. दहा दिवसांनी पोतं निघालं. आता यंत्रावर काटा दिसेल अशा उंचीवर आहे, आणि बाजूला मुलांनीच खडूने लिहून ठेवलंय, ‘डबल सीट असेल तर सांगा.’